जामीन मंजूर, मुक्काम तुरुंगातच

पायरीवरचा_वकील

नमस्कार मंडळी.

तुरुंगातल्या गर्दीची बातमी पेपरात वर्षातून एकदा येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल आला की आकडे छापतात, 'नवीन कारागृहे उभारणार' अशी एखादी घोषणा होते आणि पुढच्या अहवालापर्यंत सगळं थंड. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं करतो. त्यातली बरीचशी विधी सेवा प्राधिकरणाकडून येतात, म्हणजे पक्षकाराकडे फी द्यायला काही नसतं. हा विषय रोजचा झालाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकडे. २०२२ अखेर देशातल्या १,३३० तुरुंगांची मिळून क्षमता होती ४,३६,२६६ आणि आत होते ५,७३,२२० कैदी. म्हणजे शंभराच्या जागी १३१. ही सरासरी झाली, आणि सरासरीत ओस पडलेले छोटे तुरुंगही येतात. आपल्याकडे आर्थर रोडची मंजूर क्षमता कित्येक वर्षं कागदावर ८०४ होती आणि आत तीन हजारांच्या वर माणसं. येरवडा, ठाणे, कल्याणचं आधारवाडी, सगळीकडे तीच गत.

पण मला खटकतो तो दुसरा आकडा. त्या पावणेसहा लाखांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे ७५.८ टक्के, न्यायाधीन बंदी होते. आपल्या बोलीत कच्चे कैदी. त्यांच्यावरचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. त्यातले अकरा हजारांहून जास्त पाच वर्षांच्या वर आत होते. चारातले तीन कच्चे असतील, तर गर्दीचं मूळ तुरुंगाच्या भिंतीत शोधून काय हाती लागणार? ते अटकेत आणि जामिनात आहे.

हे आज कुणाला नव्याने कळलंय असंही नाही. १९७९ साली बिहारच्या कच्च्या कैद्यांसाठी कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हुसैनआरा खातून प्रकरण ते हेच. आरोप शाबीत झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ लोक आत बसले होते. न्या. भगवतींनी जलद खटला हा राज्यघटनेच्या कलम २१ (जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क) खालचा हक्क ठरवला आणि पुढे हजारो सुटले. त्याच्या आदल्या वर्षीचं मोतीराम प्रकरण मला जास्त जवळचं वाटतं. मोतीराम गवंडी होता. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला, वर त्याचा भाऊ जामीन राहायला तयार असताना 'मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे' म्हणून तो नाकारला. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यावर चांगलंच झापलं. आपल्याच देशातला माणूस जिल्ह्याची हद्द ओलांडली की परका कसा होतो, असा त्यांचा सवाल होता.

हे १९७८ चं. आता माझ्याकडचं अलीकडचं प्रकरण सांगतो, ओळख पटणार नाही इतपत बदल करून.

मराठवाड्यातला माणूस, वीटभट्टीवर कामाला. बांधकामाच्या जागेवरून तांब्याची वायर चोरल्याचा आरोप. चोरीचं साधं कलम, जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. पहिलाच गुन्हा. जामीन मंजूर झाला: पंधरा हजारांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून द्यायची हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. आता वीटभट्टीवरच्या माणसाला इथे स्थानिक जामीनदार कोण? भट्टीमालक फोन उचलेना. शेवटी गावाकडचा मेव्हणा तयार झाला, त्याच्या नावावर दीड एकर होतं. तो सातबारा घेऊन रात्रभर एसटीत बसून आला, तर त्याला सांगण्यात आलं की उतारा जुना आहे, ताजा आणा, शिवाय तहसीलचा ऐपतीचा दाखला लागेल, आणि रेशनकार्डाची सत्यप्रत कुठेय? मेव्हणा परत गेला तो गेलाच. त्याचं तरी काय चुकलं? दोन दिवसांची मजुरी आणि तिकिटाचे पैसे त्याने एकदा घातले होते.

मी जामिनाच्या अटीत बदल मागितला. त्याला तारखा पडल्या. शेवटी जामीनदाराऐवजी रोख पाच हजारांवर मान्य झालं, ते जमवायला बायकोला आणखी वेळ लागला. दिवाळीआधी मंजूर झालेला जामीन, माणूस बाहेर आला संक्रांतीनंतर. इतके दिवस त्याने तुरुंगातली जी जागा अडवली, ती कोर्टाच्याच हुकमाप्रमाणे रिकामी असायला हवी होती.

आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्यासाठी कोर्टाच्या आवारात धंदेवाईक जामीनदार उभे असतातच. बोगस रेशनकार्ड, बोगस पगारपत्रक, ठरलेली फी. मधूनमधून अशा टोळ्या पकडल्याच्या बातम्या येतात. थोडक्यात, अट पाळायची तर महिने जातात आणि खोटेपणा केला तर संध्याकाळी सुटका.

कायदे बदलताहेत, नाही असं नाही. १८९४ चा ब्रिटिशांचा कारागृह कायदा अजूनपर्यंत पाया म्हणून होता. केंद्राने २०२३ मध्ये आदर्श कारागृह व सुधारसेवा कायदा तयार करून राज्यांना पाठवला, कारण तुरुंग राज्यसूचीत येतात. आपल्याकडेही डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात त्या धर्तीचं विधेयक आलं. पण हे कायदे आत आलेल्या माणसाला कसं ठेवायचं ते सांगतात. तो आत का आला आणि बाहेर का पडत नाही, हे तिथे ठरत नाही.

तुमची मतं, अनुभव, विरोध, सगळं चालेल. फक्त 'फाशी द्या सगळ्यांना' छापाचे प्रतिसाद नकोत, ते टीव्हीवर भरपूर मिळतात.

---

चहाची_तलफ

जागा पकडून ठेवतो. (जिथे माणशी जागा मिळत नाही त्या धाग्यावर हे बोलणं बरं नाही, पण सवय.)

---

शटरवाला_नाशिककर

वकीलसाहेब, लेख चांगला आहे, पण नाण्याची दुसरी बाजू लिहितो. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पहाटे शटर उचकटून गिऱ्हाइकांचे फोन नेले. फोन माझे नव्हते, गिऱ्हाइकांचे होते, त्यामुळे प्रत्येकाला भरपाई मी दिली. आरोपी सापडला आणि पंचनाम्याची शाई वाळायच्या आत जामिनावर बाहेर. माझ्या दुकानासमोरून जाताना हसतो. त्याच्यावर आधीच्या दोन केसेस आहेत म्हणे. अशा माणसाला आत जागा नाही म्हणून बाहेर ठेवायचं का? तुरुंग बांधा ना आणखी. मेट्रोला पैसे आहेत तर याला का नाहीत?

---

पायरीवरचा_वकील

शटरवाला, तुमचा राग रास्त आहे आणि तो टाळून हा विषय बोलताच येणार नाही.

तुम्हाला काय हवंय? माल परत, आरोपीला शिक्षा, आणि पुन्हा असं होऊ नये. आरोपी आत बसला म्हणून यातलं पहिलं आणि दुसरं होत नाही, त्यासाठी खटला चालावा लागतो. तुमची साक्ष झाली का? बहुधा समन्सही आलं नसेल. कच्च्या कैद्यांची गर्दी जितकी, तितका कोर्टाचा वेळ रिमांड आणि जामीन अर्जांत जातो आणि साक्षीपुरावा मागे पडतो.

आधीचे दोन गुन्हे असतील तर सरकारी वकिलांनी ते जामिनाच्या वेळी कोर्टापुढे आणायला हवे होते. शिवाय फिर्यादीलाही बाजू मांडता येते. लखीमपूर खेरी प्रकरणात (आंदोलक शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याची केस) एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीडिताचं म्हणणं ऐकून घेतलंच पाहिजे असं सांगून जामीन रद्द केला होता. तो तुम्हाला धमकावत असेल तर जामीन रद्द करायचा अर्ज करता येतो. नुसतं हसण्यावर मात्र कलम नाही.

आणि बांधकामाचं म्हणाल तर बांधा, माझा विरोध नाही. पण जागा वाढते तसे माणसं आत घालतानाचे हात सैल होतात, हे जगभर दिसलेलं आहे.

---

लाल_फाटक

मी कारागृह खात्यातून निवृत्त झालोय, कुठून ते सांगत नाही. वकीलसाहेबांनी बाहेरचं लिहिलं, मी आतलं थोडं लिहितो.

आदर्श नियमावलीत झोपायच्या जागेचा हिशोब माणशी ३.७१ चौरस मीटर दिलाय. जुन्या मापात चाळीस चौरस फूट. ऐकायला बरं वाटतं. आमच्याकडे बराकीत सतरंजी दुमडून टाकायचे, कारण उलगडली तर शेजाऱ्याच्या अंगावर जायची. सगळे एका कुशीवर. रात्री एकाला कूस बदलायची तर रांगेतल्या पाच-सहा जणांना उठवून बदलावी लागते. नवीन आलेला माणूस संडासाच्या दाराशी. तिथून आत सरकायला किती दिवस लागतात हे त्याचं वजन, त्याची ओळख आणि त्याचा खिसा यावर. संध्याकाळी सहाच्या सुमाराला बराक बंद झाली की सकाळपर्यंत आतला कारभार आतल्यांच्याच हातात. शे-दीडशे माणसांवर बाहेर एक शिपाई. तो बिचारा गिनती जुळली की देवाचे आभार मानतो.

नियम सांगतो की पहिल्यांदा आलेला आणि सराईत, कच्चा आणि पक्का, पोरगेलासा आणि मुरलेला, यांना वेगळं ठेवा. जागाच नसेल तर वेगळं कुठे ठेवणार? आणि मग खरा घोटाळा होतो. एकोणीस वर्षांचा पोरगा मारामारीच्या केसमध्ये आला, घरून कुणी फिरकत नाही. शेजारी झोपलेला माणूस दोन दिवस बघतो, साबण देतो, कॅन्टीनचं बिस्किट देतो. मग म्हणतो, 'तुझा वकील आपण लावू, जामीनदार पण देऊ.' आणि देतोही. विधी सेवावाल्यांच्या आधी भाईचा वकील पोचतो. पोरगा बाहेर पडतो तेव्हा त्याच्यावर एक उपकार असतो, तो फेडायला त्याला बोलावणं येतंच. शटरवाला भाऊ, तुमचं शटर उचकटणारी पुढची पोरं अशी तयार होतात. माझ्या नोकरीत हे बघून बघून मी थकलो.

दुसरं, तारखेचं. कैद्याला कोर्टात न्यायला मुख्यालयाकडून पोलीस पार्टी लागते. गणपती आले, निवडणूक आली, मंत्र्यांचा दौरा आला की पार्टी मिळत नाही. मग व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर हजेरी. पडद्यासमोर उभं राहायचं, नाव सांगायचं, पुढची तारीख ऐकायची, बाजूला व्हायचं. आवाज आला तर आला. कैदी मला विचारायचा, 'साहेब, काय झालं?' मी काय सांगणार? तारीख झाली.

---

झुळूक

लाल_फाटक, प्रतिसाद वाचून सुन्न झाले. कुशीवर झोपायचं डोक्यातून जात नाहीये.

वकीलसाहेब, ते नवीन कायद्यात एक तृतीयांश शिक्षा भोगली की सुटका असं काहीतरी आलंय ना? जरा इस्कटून सांगा. आणि ते आलंय तर गर्दी कमी का होत नाही?

---

पायरीवरचा_वकील

सांगतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३६-अ कलम होतं, २००५ च्या दुरुस्तीने आलेलं. त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्चा कैदी म्हणून काढला तर जामिनावर सोडायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यात हे कलम ४७९ झालं. निम्म्याची अट कायम, पण पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश. मुदत भरली की कोर्टाकडे अर्ज करायची जबाबदारी थेट तुरुंग अधीक्षकावर टाकलीय. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या केसेसनाही लागू केलं. ज्या प्रकरणात हा आदेश झाला ते २०१३ पासून चालू आहे, माजी सरन्यायाधीश लाहोटी यांच्या पत्रावरून. १,३८२ तुरुंगांतली अमानवी परिस्थिती, असं त्याचं नावच आहे.

आता पाणी कुठे मुरतं ते बघा.

पहिलं, फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असू शकते असे गुन्हे यातून बाहेर. ते समजू शकतो. दुसरं, पोटकलम २: एकाहून जास्त गुन्हे किंवा एकाहून जास्त केसेस प्रलंबित असतील तर या कलमाचा फायदा नाही. ही नवी भर आहे आणि इथेच सगळं अडतं. एकाच फिर्यादीत चार कलमं लावायची आपल्याकडे पद्धतच आहे. शिवाय एक भुरटा चोर सापडला की जवळपासच्या ठाण्यांतले न उलगडलेले गुन्हे त्याच्या नावावर लागतात. एका गुन्ह्यात जामीन होईतो दुसऱ्या गुन्ह्यात वर्ग. म्हणजे कायद्याने उघडलेलं दार पोटकलमाने लावून घेतलं.

तिसरं हिशोबाचं. साध्या चोरीला तीन वर्षं, त्याचा एक तृतीयांश म्हणजे एक वर्ष. राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षं, त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे दोन वर्षं चार महिने. पहिल्यांदा चोरीचा आरोप आलेल्या माणसाने एक वर्ष आत काढल्यावर त्याला सोडायचं, याला सुधारणा म्हणायचं? त्याला मुळात आठवड्याभरात जामीन व्हायला हवा होता. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, आधी नोटीस द्या, असं अर्नेशकुमार प्रकरणात २०१४ मध्येच सांगून झालंय. २०२२ मध्ये सतेंद्र कुमार अंतिल प्रकरणात तर जामिनाचा स्वतंत्र कायदाच करा, असं सरकारला सुचवलं. तो काही आला नाही. आले ते तीन नवे मोठे कायदे, आणि त्यात जामीनदाराची अट जशीच्या तशी.

---

पालावरची_ताई

मी पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त वस्त्यांवर काम करते. वकीलसाहेबांनी पोटकलम २ वर बोट ठेवलं ते अगदी वर्मावर.

आमच्याकडच्या पोरावर एक केस कधीच नसते. जिल्ह्यात कुठेही घरफोडी झाली की पहाटे गाडी पालावर येते. ज्याचं नाव आधी कागदावर आहे त्याला उचलायचं. त्याच्याकडे सातबारा नाही, रेशनकार्ड नाही, वीजबिल कुठून असणार? 'कायमचा पत्ता' या रकान्यात काय लिहायचं यावरच अर्धा तास जातो. कोर्ट म्हणतं पळून जाईल. अहो, पाच लेकरं आणि तीन शेळ्या घेऊन कुठे पळणार?

१८७१ साली इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा केला. (येरवडा तुरुंगही १८७१ चाच, असा योग.) तो १९५२ मध्ये रद्द झाला, सोलापूरच्या सेटलमेंटचं (या जमातींना कोंडून ठेवायच्या वसाहतीचं) तारेचं कुंपण निघालं. पण तुरुंगाच्या नियमावल्यांत 'सराईत' या नावाखाली तीच माणसं राहिली. काही राज्यांच्या नियमावल्यांत झाडलोट कुणी करायची आणि स्वयंपाक कुणी, हे जातीवर ठरलेलं होतं. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते सगळं घटनाबाह्य ठरवलं आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. निकाल वाचून त्या रात्री मी रडले. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पालावर गाडी आलीच.

---

सडेतोड_भाऊ

गरिबांचा कळवळा ठीक आहे, पण या आडून यूएपीएवाल्यांनाही (दहशतवादविरोधी कायद्याखालच्या आरोपींनाही) सोडा असं म्हणायचंय का? स्पष्ट बोला.

---

पायरीवरचा_वकील

स्पष्ट बोलतो. गर्दीच्या हिशोबात यूएपीएचे कैदी फारच थोडे, म्हणून मी त्यांचा विषय काढला नव्हता. तुम्ही काढलाच आहे तर, खटला वाजवी वेळात संपणार नसेल तर यूएपीएतही जामीन देता येतो, हे २०२१ च्या नजीब निकालात सर्वोच्च न्यायालयाचंच म्हणणं आहे. तळोजा तुरुंगात ठेवलेल्या, यूएपीएचे आरोपी असलेल्या फादर स्टॅन स्वामींना कंपवात होता, पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. जुलै २०२१ मध्ये ते कच्चे कैदी असतानाच गेले. आरोप खरे की खोटे हे आता कधीच ठरणार नाही. तुम्हाला ते दोषी वाटत असतील तर तुमचंही नुकसानच झालं की.

यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

---

टेम्सकाठी

इंग्लंडमधून. इथेही हीच बोंब आहे बरं का. २०२४ च्या उन्हाळ्यात पुरुषांच्या तुरुंगांत शंभरही जागा शिल्लक नव्हत्या. मग नव्या सरकारने निम्मी शिक्षा झाल्यावर सोडायच्या ऐवजी ४० टक्क्यांवर सोडायला सुरुवात केली. १० सप्टेंबर २०२४ ला एका दिवसात सुमारे १,७०० जण बाहेर. काहींनी गेटासमोर शॅम्पेन उडवली, ते फोटो सगळ्या पेपरांत. वर ३७ जण चुकून सुटले, कारण त्यांच्यावरचं कलम जुन्या कायद्यातलं होतं आणि ते यादीतून गाळायचं राहून गेलं. म्हणजे 'शिस्तीचे गोरे' वगैरे काही नाही.

फरक एवढाच की इथे गर्दी मुख्यतः शिक्षा झालेल्यांची आहे. शिक्षाच लांबत गेल्या. आणि दुसरा फरक मला मोठा वाटतो: कैद्यांचा आकडा सरकार दर आठवड्याला जाहीर करतं. त्यामुळे शंभर जागा उरल्या हे तेव्हाच कळलं. आपला अहवाल येतो तोवर त्यातली अर्धी माणसं बदललेली असतात.

पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टी लावून घरी ठेवणं इथे सर्रास चालतं. आपल्याकडे का नाही?

---

पायरीवरचा_वकील

@टेम्सकाठी, २०२३ च्या आदर्श कायद्यात पट्टी आहे, रजेवर जाणाऱ्या कैद्यांसाठी. जामिनावरच्या माणसाचं मात्र वेगळं. फ्रँक व्हायटस प्रकरणात जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की आरोपीने गूगल मॅपवर आपला ठावठिकाणा पोलिसांना सतत दाखवत राहावा, अशी जामिनाची अट घालता येणार नाही, खासगीपणाचा भंग होतो. पट्टीवाल्यांना आधी या निकालातून वाट काढावी लागेल. माझं मत विचाराल तर पट्टी आली की ज्याला आज साध्या जातमुचलक्यावर सोडतात त्यालाही ती लागेल. आणि तिचं चार्जिंग पालावर कुठे करणार?

---

आटपाडीचा_पाहुणा

खुल्या तुरुंगाचा विषय कुणीच काढला नाही? आमच्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाच्या राजेसाहेबांनी १९३९ मध्ये खुनाच्या कैद्यांना माळरानावर मोकळं आणून शेती करायला लावली. शांतारामबापूंनी त्यावर सिनेमा काढला, तो जगभर गाजला, पण तशा वसाहती किती निघाल्या? पैठणचा खुला तुरुंग मोठा आहे, येरवड्यालाही आहे. राजस्थानात सांगानेरला तर कैदी बायकापोरांसह राहतात, दिवसा बाहेर कामाला जातात आणि संध्याकाळच्या हजेरीला परत येतात. खर्चही कितीतरी कमी.

---

लाल_फाटक

पाहुणे, खुली वसाहत उत्तमच. मी तिथली माणसं बघितलीत, त्यांच्या चालण्यातच फरक पडतो. पण तिथे जातो फक्त पक्का कैदी, तोही बरीच शिक्षा नीट भोगलेला. गर्दी कच्च्यांची. त्यांना खुल्या तुरुंगात पाठवायची सोयच नाही.

---

पाटण्यात_पोस्टिंग

बँकेच्या नोकरीमुळे सध्या बिहारमध्ये. इथे एप्रिल २०१६ पासून दारूबंदी. तेव्हापासून बाटली सापडली की आत. कोर्टं जामीन अर्जांनी इतकी तुंबली की तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा यांनी डिसेंबर २०२१ मध्ये हा कायदा दूरदृष्टी नसल्याचं उदाहरण म्हणून जाहीरपणे सांगितला. २०२२ मध्ये सरकारने दुरुस्ती केली, पहिल्यांदा पिताना सापडलेल्याला दंड भरून सोडायची. एका कायद्याने तुरुंग भरतो आणि एका दुरुस्तीने हलका होतो. भिंत एक विटेनेही हलली नाही.

---

मांडवीतीरावरून

आमच्या गोव्यात अग्वादचा तुरुंग बंद करून २०१५ मध्ये कैदी कोलवाळला नेले. अग्वादला आता म्युझियम आहे, पर्यटक सेल्फी काढतात. समुद्राचा देखावा फुकट गेला म्हणून कैदी नाराज असतील. :-)

---

चहाची_तलफ

एक बारीक शंका. एवढी लाखो माणसं, मग कुठल्याच पक्षाला त्यांची पडलेली का नाही?

---

पायरीवरचा_वकील

कारण त्यांना मत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५): तुरुंगात असलेल्याला मतदान करता येत नाही, कच्चा असो की पक्का. गंमत अशी की कच्च्या कैद्याला निवडणूक लढवता येते. २०२४ मध्ये बारामुल्लातून इंजिनिअर रशीद तिहारमधून निवडून आले. म्हणजे स्वतः उमेदवार असलेला माणूस स्वतःला मत देऊ शकत नाही.

---

सायली_ठाणे

मी पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या कामवाल्या मावशींचा मुलगा आत आहे. जामीन झालाय, पंचवीस हजार आणि एक जामीनदार. महिना होत आला. वकील म्हणतो जामीनदार मी आणतो, आठ हजार द्या. मावशी मंगळसूत्र गहाण ठेवायचं म्हणतायत. मी जामीन राहू का? भीती वाटते.

---

पायरीवरचा_वकील

सायलीताई, ते आठ हजार देऊ नका. मावशींना सांगा, मंगळसूत्र गळ्यातच राहू द्या.

तुम्ही जामीन राहायचं की नाही हा तुमचा निर्णय. राहिलात आणि तो तारखेला आला नाही, तर ती रक्कम कोर्ट तुमच्याकडून वसूल करू शकतं. मुलाला ओळखत असाल तरच राहा.

त्याआधी हे करा. ३१ जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे: जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. तुमचं प्रकरण नेमकं यात बसतं. जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत प्राधिकरणाचं कार्यालय आणि लोकअभिरक्षक (गरीब आरोपींसाठी नेमलेले मोफत वकील) कार्यालय असतं. मावशींना घेऊन जा. अटीत बदलाचा अर्ज ते फुकट करून देतात. जामीनदाराऐवजी रोख रक्कम किंवा नुसता जातमुचलका मागायचा.

कोर्टाने रोख मान्य केली आणि तेवढीही जमत नसेल तर केंद्राची २०२३ ची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे, त्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे मिळू शकतात. जिल्हा पातळीवरची समिती ठरवते. अमली पदार्थ, यूएपीए, मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार या केसेसना ती नाही. अडचण एकच, ही योजना पैसे देते, जामीनदार देत नाही. म्हणून आधी अट बदलून घ्यायची, मग योजना. उलट क्रमाने गेलात तर हेलपाटेच होतील.

---

लाल_फाटक

ताई, जाताना जामिनाच्या हुकमाची प्रत, केस नंबर आणि मुलाचा बंदी क्रमांक घेऊन जा. बंदी क्रमांक मुलाखतीच्या पावतीवर असतो. आणि मावशींनी मुलाला भेटून सांगावं की तुरुंगात विधी सेवेचा वकील येतो तेव्हा आपलं नाव यादीत घालून घे. पोरं लाजतात, मागे उभी राहतात. शेजारचा साबण देणारा असेल तर जरा घाई करा.

---

शटरवाला_नाशिककर

वकीलसाहेब, आज सरकारी वकिलांना भेटलो. माझी साक्ष अजून लागलीच नाहीये, दोषारोपच निश्चित झालेला नाही म्हणतात. तुमचं ते लखीमपूरवालं नीट लिहून द्याल का, त्यांना दाखवतो. बाकी सायलीताई, मंगळसूत्राचं वकीलसाहेब म्हणतात ते ऐका.

---

सायली_ठाणे

सर्वांचे आभार. आज दोघी जाऊन आलो. लोकअभिरक्षक मॅडमनी कागद बघितले, अर्ज उद्या दाखल करतायत. बंदी क्रमांकाशिवाय आधी बसवून ठेवलं होतं, तो सांगितल्यावर काम पटकन झालं. मावशींनी विचारलंय की अर्जाच्या तारखेला त्यांनी कोर्टात असायला हवं का, कारण दुसऱ्या दोन घरची सुट्टी आधी सांगावी लागेल.

---

पायरीवरचा_वकील

असल्या तर बरं. नसल्या तरी अर्ज चालतो. त्यांचा फोन मॅडमकडे चालू ठेवा, आणि हुकूम झाला की तो तुरुंगात पोचला का ते त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत विचारून घ्या.

शटरवाला, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.